फॉल्स सिलिंग मारायच्या आधी एकदा वर बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पुरवणीत हल्ली जुन्या जागांच्या नव्या रूपाचे फोटो येतात. कुठे गोडाऊनचा कॅफे झालाय, कुठे कारखान्याच्या शेडमध्ये जिम, प्लास्टर खरवडून काढलेली विटांची भिंत, वरून लोंबणारे पिवळे बल्ब, खाली पॉलिश केलेला कोबा. छान दिसतं, नाही म्हणत नाही. मीसुद्धा त्यातली कात्रणं काढून फाइलला लावली होती कारण आमच्या डोक्यात तेच होतं. पण गेली दोन वर्षं मी स्वतः अशा एका जागेच्या मागे लागले आणि त्या फोटोंमध्ये जे कधीच येत नाही त्याबद्दल लिहावंसं वाटलं. पत्र लांबलंय, कात्री लावायची तर लावा, फक्त मिठाचा भाग काढू नका.

आमचा बर्फाचा कारखाना होता, ठाण्यात, चेंदणीच्या बाजूला. ७२ च्या दुष्काळानंतर सासऱ्यांनी आणि त्यांच्या एका मित्राने मिळून काढलेला. मी १९९१ ला लग्न होऊन आले तेव्हा जोरात चालायचा, पहाटे चारपासून मच्छीवाल्यांचे टेम्पो, कोळणी, उन्हाळ्यात गोळेवाले, लग्नसराईत आइस्क्रीमवाले, आणि सगळ्यांना आत्ताच्या आत्ता लादी पाहिजे असायची. ज्यांनी बर्फाचा कारखाना आतून बघितलेला नाही त्यांच्यासाठी सांगते, जमिनीत खड्डा करून बसवलेली एक भली मोठी टाकी असते, तिच्यात खारं पाणी, अमोनियाच्या पाइपांनी ते उणे दहा डिग्रीच्या आसपास ठेवायचं (मीठ असल्यामुळे ते पाणी गोठत नाही, तीच तर सगळी गंमत), आणि त्यात गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे उंच डबे उभे बुडवून ठेवायचे. मोठी लादी जमायला दीड-दोन दिवस लागतात. मग डब्यांची अख्खी ओळ चेन पुलीने उचलायची, हॉलच्या दुसऱ्या टोकाला न्यायची, साध्या पाण्यात बुडवायची, लादी सुटते. हे चाळीस वर्षं रोज चाललं, म्हणजे चाळीस वर्षं त्या डब्यांवरून खारं पाणी ठिबकत हॉलभर फिरलं, जमिनीवर, कॉलमच्या बुडाशी, सगळीकडे. आणि मिठाची पोती? ती वरच्या मजल्यावर, कारण खाली ओल. त्याच्याही वर गच्चीत पाण्याचा कूलिंग टॉवर, तो बारा महिने गळायचा. तेव्हा कोणाला काय पडलेलं, बर्फ निघतोय ना.

२०११ ला बंद केला. विजेचं बिल, घरोघरी आलेले डीप फ्रीझर, कामाला माणसं नाहीत, सगळंच एकदम आलं. मग नुसतं कुलूप.

मधल्या काळात बिल्डर येऊन गेले. तीन आले, तिघांनी पाडूनच टाका म्हणून सांगितलं, पण रस्ता इतका अरुंद आहे की नियमाप्रमाणे चारी बाजूंनी जागा सोडली तर मध्ये उरतं ते देवघराएवढं. तिघांनीही चहा पिऊन नंतर फोन केला नाही. म्हणून ठरवलं की आहे तेच नीट करायचं, खाली तालमीचा हॉल आणि वर अभ्यासिका. माझी लेक हौशी नाटकात आहे, एकांकिका स्पर्धा जवळ आल्या की ह्या पोरांची जागेसाठी काय वणवण चालते ते मी घरात बघते, शाळेचे वर्ग, सोसायटीचं पार्किंग, कोणाची तरी गच्ची, आणि साडेनऊला वॉचमनने हाकललं की प्रवेश अर्धाच. ठाण्यात १९७८ पासून गडकरी रंगायतन आहे, प्रयोगाची सोय झाली, पण प्रयोगाच्या आधीचे दोन महिने कुठे काढायचे? आमच्या हॉलची उंची चांगली सोळा-सतरा फूट, मध्ये एकही खांब नाही. नाटकवाल्यांना अजून काय पाहिजे.

तर पहिला इंटिरियरवाला आला. चांगला मुलगा होता, वाईट अजिबात नाही, लॅपटॉपवर थ्रीडी दाखवलं, आमचा तो अंधारा हॉल चक्क परदेशातल्यासारखा दिसत होता. सहा आठवड्यांत हँडओव्हर म्हणाला. मागच्या भागात मिठाची पोती असायची त्याच्या बरोबर खाली स्लॅबचा तुकडा पडून सळ्या उघड्या पडल्या होत्या, लाल, पापुद्रे सुटलेल्या, बोटाने दाबलं तर भुगा हातात येत होता. मी विचारलं, ह्याचं काय? तो म्हणाला, "काकू, ते फॉल्स सिलिंगच्या वर जाणार, दिसणारच नाही."

त्या रात्री मला झोप आली नाही. दिसणार नाही म्हणजे काय? खाली पंधरा-वीस पोरं उड्या मारणार आणि वर जे काय चाललंय ते फक्त दिसणार नाही?

मग ओळखीतून एक स्ट्रक्चरल इंजिनिअर शोधले, सत्तरीचे आहेत, अजून शिडीवर स्वतः चढतात. त्यांनी पहिल्या दिवशी फक्त हातोडीने ठोकत फिरायचं काम केलं. जिथे आवाज बद्द येईल तिथे खडूने गोल. संध्याकाळपर्यंत मागच्या भागातला स्लॅब खडूच्या गोलांनी भरून गेला, आणि पुढचा भाग, जो त्याच्याही आधीचा, जाड विटांच्या भिंतींचा आणि सागवानी वाशांचा आहे, त्यात फक्त दोन वाशांची टोकं भिंतीत कुजलेली निघाली. जुनं ते मोडकं आणि नवं ते मजबूत असं आपण धरून चालतो, इथे बरोबर उलटं.

दुसऱ्या दिवशीची गोष्ट मुद्दाम सांगते. त्यांनी कॉंक्रीटला भोक पाडून त्यात एक बिनरंगाचं पाणी फवारलं, फिनॉल्फ्थॅलीन, शाळेच्या लॅबमध्ये आपण सगळ्यांनी वापरलेलं. कॉंक्रीट निरोगी असेल तर त्यात अल्कली भरपूर असते, रंग गुलाबी येतो आणि ती अल्कली असते तोवर आतल्या सळीला एक प्रकारचं कवच असतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरून ती अल्कली मारतो, मग रंग येत नाही. आमच्याकडे झकास गुलाबी आला! मिस्त्री खूश, आमचे साहेब खूश, मी तर पेढ्यांचाच विचार करत होते. इंजिनिअर काका काही बोलले नाहीत, त्यांनी त्याच भोकातली सळी टॉर्च मारून दाखवली, ती गंजलेली होती. म्हणाले, हे मिठाचं काम आहे, मिठाला गुलाबी-बिलाबी काही लागत नाही, त्यातलं क्लोराइड सळीपर्यंत पोचलं की कॉंक्रीट कितीही चांगलं असू दे, कवच फुटतं आणि गंज सुरू. आणि गंज मूळ लोखंडाच्या दोन-दोन, सहा-सहा पट जागा मागतो, ती मिळाली नाही की कव्हर, म्हणजे सळीवरचा कॉंक्रीटचा थर, ढकलून खाली पाडतो. तो पडलेला तुकडा म्हणजे हेच.

मग पुढच्या टेस्ट झाल्या. एक हाफ सेल, त्यात मीटरची एक वायर सळीला जोडतात आणि दुसरं टोक कॉंक्रीटवर ठेवत ठेवत आकडे घेतात, उणे ३५० मिलिव्होल्टच्या खाली गेलं की तिथे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर धरतात. आणि ड्रिलने वेगवेगळ्या खोलीवरचा भुगा काढून, पुड्या बांधून लॅबला पाठवला. आरसीसी बांधताना घनमीटरमागे ०.६ किलोपेक्षा जास्त क्लोराइड नको असं आपलं भारतीय मानक आयएस ४५६ सांगतं. आमच्या मागच्या स्लॅबच्या वरच्या थरात त्याच्या कितीतरी पट निघालं. सासऱ्यांनी कोरडी जागा म्हणून पोती वर ठेवली, आणि कूलिंग टॉवरच्या गळतीने ते मीठ चाळीस वर्षं थेंबथेंब खाली मुरवलं.

अशा ठिकाणी आपल्याकडे काय करतात तर पॅच मारतात. पडलं तिथे खरवडलं, सळीला रंग फासला, पॉलिमरवालं सिमेंट लावलं, झालं. साधा गंज असेल तर पॅच चालतो सुद्धा. पण मीठ आजूबाजूला तसंच ठेवून मधेच नवा तुकडा बसवला की त्याच्या कडेकडेने गंज आणखी जोरात धरतो, म्हणजे तुम्ही पैसे देऊन गंजाला पुढच्या खोलीत पाठवलं. दोन पावसाळ्यांत शेजारचा तुकडा पडतो आणि कंत्राटदार म्हणतो बघा वहिनी, मी केलेला पॅच अजून पक्का आहे. खोटं नाही बोलत बिचारा.

शेवटी मागचा स्लॅब वाचवायचा नाही असं ठरलं. खालून जॅक लावून, टप्प्याटप्प्याने पूर्ण काढला आणि लोखंडी गर्डरवर डेक शीट (पन्हळी पोलादी पत्रा) टाकून त्यावर नवा केला. कॉलम बुडापासून चार फूट सोलले, नव्या सळ्या बांधून भोवती मायक्रो कॉंक्रीटचं (बारीक खडीचं, ओतता येणारं) जॅकेट. ती टाकीची जागा, माझी फार इच्छा होती की तो खड्डा तसाच ठेवायचा, कडेला पायऱ्या काढायच्या आणि प्रेक्षक बसतील, छोटं थिएटरच. काका म्हणाले सगळ्यात जास्त मीठ तिथेच आहे, ठेवायचा तर तुमच्या नातवंडांना दुरुस्तीचे पैसे ठेवून जा. तोडला. अजून हळहळ वाटते, खरं सांगते. चेन पुलीचा जो आडवा गर्डर होता तो मात्र तपासून, घासून, रंग देऊन ठेवला, आता त्यालाच लाइट लटकवतात.

खर्चाचं म्हणाल तर दर शंभरातले साठ रुपये अशा कामात गेले जे उद्घाटनाला आलेल्या एकाही माणसाला दिसलं नाही. नणंदेने विचारलं सुद्धा, एवढे पैसे लागले कुठे गं, साध्या भिंती तर आहेत.

आता आगीचं. हॉलच्या भिंतींना आतून बूच लावलेला होता, थंडावा टिकायला, आणि तो चिकटवलेला डांबराने. इंटिरियरवाल्याचा प्लॅन त्यावरच पॅनलिंग ठोकायचा होता. म्हणजे बाहेर लाकूड, आत बूच, त्याच्या आत डांबर, आणि मधून लाइटच्या वायरी! ते सगळं हाताने खरवडून काढायला लावलं, गॅस कटर त्या महिन्यात गेटच्या आत येऊ दिला नाही. भंगारवाला अमोनियाचे पाइप बघून हरखला होता, आजच कापून नेतो म्हणाला. मी म्हटलं थांब, आमच्या जुन्या रेफ्रिजरेशन मेकॅनिकला बोलावते. बारा-तेरा वर्षं बंद असलेल्या लाइनचा एक व्हॉल्व्ह त्याने जरासा सोडला आणि असा भपकारा आला की आम्ही सगळे डोळे पुसत रस्त्यावर. बंद आहे म्हणजे रिकामं आहे असं नसतं.

२९ डिसेंबर २०१७ ला मुंबईत कमला मिलमध्ये आग लागली, १४ माणसं गेली. तीपण जुन्या गिरणीचीच आवारं होती, नव्या रूपातली. आमच्या हॉलला एकच शटर होतं. बर्फाला एक दार पुरतं, बर्फ घाबरून पळत नाही. साठ माणसं जमणार म्हटल्यावर दुसरं दार पाहिजे, तेही बाहेरच्या बाजूला उघडणारं, कारण गर्दी ढकलते ती बाहेर, आत ओढून दार उघडायला कोणी मागे सरकत नाही. भिंत फोडून ते दार काढलं. रॅम्प पण केला, जोतं दोन फूट, एकास बारा उतार म्हणजे चोवीस फूट लांब, पुढचं पार्किंग गेलं, साहेब अजून कुरकुरतात.

परवानगीचं जास्त लिहीत नाही. एका कार्यालयात (कुठलं ते सांगत नाही) वापर बदलायचा अर्ज घेऊन गेले तर टेबलावरच्या गृहस्थांनी मला प्रेमाने समजावलं की मॅडम, वापर बदलला असं कशाला लिहिता, नुसती रिपेअर दाखवा, पटकन होईल. त्यांच्या दृष्टीने ती मदतच होती. पण कागदावर ते बर्फाचं गोडाऊन राहिलं असतं आणि आत साठ पोरं. मी अर्ज तसाच ठेवला, आठ महिने लागले.

आता मुद्द्यावर येते. एमआयडीसी १९६२ ला झाली आणि वागळे इस्टेट ही तिची पहिली वसाहत, म्हणजे तिथल्या सगळ्यात जुन्या इमारतींना साठेक वर्षं झाली. पलीकडे ठाणे-बेलापूर रोडवरची शेडं काय, स्टेशन रोडचे आणि नौपाड्यातले जुने गाळे काय, सगळ्यांची वयं आपल्याला माहीत आहेत. तिथे आता कोचिंग क्लास, जिम, डान्स क्लास, प्ले ग्रुप, कॅफे येतायत. यायलाच पाहिजेत, बंद पडून कबुतरं राहण्यापेक्षा केव्हाही बरं. पण कुठल्या भिंतीत काय मुरलंय हे बघतो कोण? कुठे बॅटरीचं ॲसिड सांडलं असेल, कुठे केमिकलचे ड्रम असतील, कुठे मशीन बसवायला बीम तासला असेल. तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट कायद्याने आहे. पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी येते, सी-१ (रिकामी करून पाडायची), सी-२ए (रिकामी करून दुरुस्त करायची) वगैरे, आपण त्यात फक्त आपल्या सोसायटीचं नाव शोधतो. पोराचा क्लास ज्या बिल्डिंगमध्ये आहे तिचं नाव तुमच्यापैकी किती जणांनी शोधलं? मी तरी कधी शोधलं नव्हतं. आगीसाठी राज्याचा २००६ चा कायदा आहे, त्यात फॉर्म बी म्हणून एक सर्टिफिकेट असतं, यंत्रणा चालू स्थितीत आहे असं परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैला घ्यायचं. कागद सगळे आहेत हो, पण ते फाइलीत असतात आणि फाइल मालकाच्या कपाटात. जी बाई मुलीला सोडायला जिना चढते तिला त्यातलं काहीच दिसत नाही.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे की जिथे जुन्या व्यापारी किंवा कारखान्याच्या जागेचा वापर बदललाय आणि लोक जमतात, तिथे दाराशी एक पाटी सक्तीची करा. दुकानात तराजूवर जसा पडताळणीचा शिक्का असतो तसं. इमारत कुठल्या साली बांधली, आधी इथे काय होतं, शेवटचं स्ट्रक्चरल ऑडिट कधी झालं आणि कुठल्या वर्गात बसलं, फॉर्म बी कुठल्या महिन्याचा, एका वेळी किती माणसांना परवानगी. पाच ओळी. ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही महापालिकांनी मनावर घेतलं तर नवीन कायदा सुद्धा लागणार नाही असं मला वाटतं, परवाना देताना एक अट वाढवायची. व्यवसायवाले ओरडतील की गिऱ्हाईक पळेल. आधी इथे काय होतं ही ओळ त्यांना सगळ्यात जास्त खुपेल, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण आमच्याकडे चाळीस वर्षं बर्फ होता हे माहीत असल्यामुळेच काकांनी गुलाबी रंगावर विश्वास ठेवला नाही.

आणि हो, भाड्याने जागा घेणाऱ्या पोरांना एक सांगते. ॲग्रीमेंट करायच्या आधी मालकाला म्हणा, एका कोपऱ्यातलं सिलिंग उघडून दाखवा. नाही म्हणाला तर उत्तर मिळालं.

आम्ही आमच्यापुरती पाटी लावली आहे, कोणी सांगितलेलं नसताना, शटरच्या उजव्या बाजूला. 'आधी इथे : बर्फाचा कारखाना, मिठाचा साठा' अशी दुसरी ओळ आहे, रंगाऱ्याने दोनदा विचारलं की काकू मीठ पण लिहायचं का, म्हटलं मीठ तर लिहायचंच. गेल्या महिन्यात तालमीला आलेला एक मुलगा ती वाचत उभा होता. म्हणाला, "काकू, ही एक्सपायरी डेट आहे का?" म्हटलं, हो, जुलैची आहे, तोपर्यंत नाटक बसवून घ्या.

पाटीचा फोटो सोबत जोडलाय, जागा असेल तर छापा.

आपली,
एक वाचक, नौपाडा, ठाणे